उन्हाळा, इन्सुलिन आणि आंब्यावरचा आळ

मे महिन्यात साखर वाढली की घरातला पहिला आरोपी ठरतो आंबा. दवाखान्यातही बहुतेक खटले तिथेच निकाली निघतात. विदर्भात पंचवीसहून अधिक उन्हाळे रुग्ण तपासताना मीही ते तसेच निकाली काढत आलो, आणि एकदा त्यात माझी चूक झाली.

आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी, वय सत्तरीपुढचे. दुपारी आणि रात्री जेवणाआधी इन्सुलिन घेत. दिवसभर मुलाच्या दुकानात बसत, म्हणून बाटली आणि सिरिंज स्कूटरच्या डिकीत असे. हिवाळाभर काही बिघडले नाही. मे उजाडला आणि जेवणानंतरची साखर तीनशेच्या वर जाऊ लागली. सूनबाईंनी आंब्यांची पेटी शेजारी पाठवून दिली. गुरुजी शपथेवर सांगत होते की दोन फोडींपलीकडे आपण गेलो नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. चार युनिट वाढवले. आठवड्याने आणखी चार.

महिनाअखेरीस ती बाटली संपत आली म्हणून फ्रिजमधली नवी काढली. त्या रात्री अकराच्या सुमारास गुरुजींचे बनियन घामाने चिंब झाले. वीज गेलेली, कूलर बंद. घरच्यांना वाटले, उकाड्याचा घाम. ते असंबद्ध बोलू लागले तेव्हा काकूंनी ग्लुकोमीटर लावला. साखर ४६. साखरपाणी वेळेत पोटात गेले म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो तीन आठवड्यांपूर्वी विचारायला हवा होता : “गुरुजी, ही बाटली दिवसभर कुठे असते?”

ती बाटली काही मी प्रयोगशाळेत पाठवली नाही. पण डिकीतून बाटली हलली, डोस पूर्वीइतका केला आणि साखर ताळ्यावर आली.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने त्याची घडण बिघडते आणि ताकद हळूहळू कमी होते. अडचण अशी, की ते दिसत नाही. पाण्यासारखे नितळ इन्सुलिन निकामी होऊनही नितळच राहू शकते. नितळ औषध गढूळ झाले, किंवा दुधाळ प्रकारच्या औषधात गुठळ्या वा काचेला चिकटलेले पांढरे कण दिसले, तर बाटली टाकूनच द्यावी. मात्र काही दिसले नाही म्हणून ती चांगली आहे असे समजू नये. उन्हाळ्यात कारण नसता साखर चढू लागली, तर डोस वाढवण्याआधी बाटली कुठे होती आणि कधी उघडली, हे आपणही आठवा आणि आपल्या डॉक्टरांनाही विचारायला लावा. कमकुवत औषधावर वाढवलेला डोस नव्या बाटलीतून घेतला की साखर एकदम कोसळते.

न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात किंवा दारात ठेवावे. फ्रीझरमध्ये कधीही नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळवून वापरता येत नाही. वापरात काढलेली बाटली साधारणपणे ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालते; काही औषधांची मुदत वेगळी असते, ती वेष्टनावर पाहावी. पण नवतपात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा आमच्याकडे ३० अंश घरात सापडतात कुठे? म्हणून उघडलेली बाटलीही फ्रिजमध्येच ठेवा. टोचण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढली की थंडपणाने होणारी जळजळ कमी होते. उघडल्याची तारीख बाटलीवर ठळक लिहा, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी.

फ्रिज नसेल किंवा वीज तासन्‌तास जात असेल, तर माठाचा आधार घ्या. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, त्यात घट्ट झाकणाच्या डब्यात औषध आणि वर ओले फडके. सावलीत, वारा लागेल अशा जागी. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. कोकणातल्या दमट हवेत त्याची फारशी भिस्त धरू नये. प्रवासात थर्मास किंवा थंड पिशवी वापरा, मात्र बर्फ बाटलीला थेट लागू देऊ नका. आणि औषध विकत घ्यायचे ते बाजाराची बाकी कामे उरकून, सर्वांत शेवटी.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही उष्णता आणि दमटपणाने बिघडतात. डबीचे झाकण लगेच लावा. पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवू नका. यंत्र फार तापले तर तापमानाची चूक दाखवते. त्याला सावलीत निवू द्या. तपासण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा सोललेल्या बोटाची साखर रक्ताची म्हणून नोंदली जाते, आणि इथे मात्र आंब्यावरचा आळ खरा ठरतो!

उन्हाने त्वचेतला रक्तप्रवाह वाढला की टोचलेले इन्सुलिन लवकर भिनते आणि साखर अचानक उतरू शकते. वयस्कर माणसाला घाम, थरथर, गोंधळ किंवा चिडचिड दिसली, तर उन्हावर न घालवता साखर तपासा. सत्तरच्या खाली असेल आणि शुद्ध असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ला फोन करा.

उलट्या-जुलाब झाले किंवा पाणी पोटात टिकत नसेल, तर मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे त्याच दिवशी विचारून घ्या. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

या महिन्यात तपासणीला जाताना फाइलसोबत चालू बाटली आणि ग्लुकोमीटरही न्या. तेही थंड पिशवीतून. गुरुजी हल्ली दुपारची सुई घरी येऊन घेतात, आणि जेवणात आंब्याच्या दोन फोडी मोजून खातात.