हजेरीवर जगणाऱ्या पेशी

मुंबईच्या कापडगिरण्यांतील बदली कामगार आपणांस ऐकून ठाऊक असेल. काम मिळो वा न मिळो, त्याला रोज फाटकावर हजर राहावे लागे. सतत गैरहजर राहिला की नाव गेलेच. आपल्या रक्तातील ‘बी’ पेशींचा न्याय बराचसा असाच आहे. म्हणूनच कामगारांत वावरणाऱ्या आम्हांस हा विषय जवळचा वाटला.

रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये या पेशींपासून मिळतात. त्या हाडांतील मज्जेत जन्मतात. प्रत्येकीच्या अंगावर जंतू ओळखणारा ग्राहक-रेणू असतो. जंतू आला नाही तरी हा ग्राहक आत मंद संदेश धाडीत राहतो. हीच पेशीची हजेरी! ग्राहक धड जुळलाच नाही, तर पेशी मज्जेतच मरते. उलट, तो आपल्याच शरीराला घट्ट चिकटून संदेश फार जोराचा गेला, तर पेशीला ग्राहक बदलावा लागतो किंवा मरावे लागते. मधल्या मापाचा संदेशच तारतो. मज्जेबाहेर पडल्यावर ‘बाफ’ नावाचे प्रथिनही लागते. पण हा शिधा मोजकाच असतो.

याला पुरावा काय? १९९७ साली जर्मनीत क्लाउस रायेव्हस्की व सहकाऱ्यांनी उंदरांच्या तयार बी पेशींवरील ग्राहक नाहीसा केला. त्या पेशी थोड्याच दिवसांत मेल्या.

माणसांत हा संदेश तुटला तर? १९५२ साली अमेरिकेतील डॉ. ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला वारंवार जंतुसंसर्ग होई, आणि रक्तात प्रतिद्रव्ये जवळजवळ नव्हतीच. या रोगाचे मूळ १९९३ साली सापडले: संदेश पुढे नेणारे एक विकरच सदोष, त्यामुळे बी पेशी मज्जेतच अडकतात. हा रोग बहुतेक मुलग्यांनाच होतो. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये काही महिने पुरतात. मग कान फुटणे, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा सुरू होते.

असे मूल ‘नाजूक प्रकृतीचे’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तातील प्रतिद्रव्ये मोजावीत का, असे डॉक्टरांना विचारा. मुंबईत परळला, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा विकारांचा तपास होतो. उपचार म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी, जन्मभर, बाहेरून प्रतिद्रव्ये देणे. तो महाग आहे, आणि कारखान्यात ती द्रव्ये शून्यातून घडत नाहीत. हजारो माणसांच्या रक्तद्रवातून ती वेगळी काढावी लागतात. एका मुलाच्या पेशींची हजेरी चुकली, तर त्याची पाळी अशी अनेकांना भरून काढावी लागते. संघटना याहून निराळी ती काय?