‘टाचेचं हाड वाढलंय’

ज्ञानोबांची पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात मुक्कामाला असते, तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दिवसांत आसपासच्या रस्त्यांवर चर्मकार मंडळी पथारी टाकून बसतात आणि वारकऱ्यांच्या चपला पैसे न घेता शिवून देतात. गेली बारा वर्षं त्यांच्यातल्या एका काकांशेजारी मी बसते. दोऱ्याला मेण लावून देणं हे माझं काम, पण डोळा असतो चपलांच्या तळांवर. आळंदीहून पंढरपूर म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. त्या वाटेवर निघालेली चप्पल त्याआधी वर्षभर बांधावर, चिखलात, एसटी स्टँडवर झिजलेली असते. ती उलटी केली की माणूस पाऊल कसं टाकतो ते दिसतं.

हे बघायला काकांनीच शिकवलं. एकदा एक जोड हातात घेऊन म्हणाले, “ताई, उजवी टाच बाहेरच्या कडेनं झिजलीय बघा, तशी सगळ्यांचीच झिजते. पण डावी आतून गेलीय. माउलींचा डावा पाय आत पडतोय.” चपलेचे धनी समोरच अनवाणी उभे होते. त्यांना विचारलं, तर त्यांनी वाकून डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला हात लावला. “हितं दुखतंय खरं, घाट चढताना लई,” म्हणाले. नुसत्या चपलेवरून निदान होत नाही, हे पुढे मला जाणकारांनी बजावलं. पण बोट कुठे ठेवायचं, ते मात्र ती सांगते.

मला पायांचं वेड लागलं ते माझ्या टाचेमुळे. मी भूगोल शिकवत असे. तीस वर्षं शहाबादी फरशीवर उभं राहण्यात गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेत खिळा ठोकावा तशी कळ गेली. भिंतीला धरून मोरीपर्यंत गेले. दहा-पंधरा पावलांनंतर कळ ओसरली. शाळेचा पहिला तास संपेतो तिचा विसरही पडला. मधल्या सुट्टीत अर्धा तास खुर्चीत बसून उठले, तर पुन्हा तीच कळ. महिनाभरानं एका दवाखान्यात गेले. एक्स-रे निघाला. टाचेच्या हाडाला पुढे फुटलेल्या काट्यासारख्या टोकावर डॉक्टरांनी पेन टेकवलं आणि म्हणाले, “हे बघा, टाचेचं हाड वाढलंय.” गोळ्या लिहून दिल्या. दोन मिनिटांत मी बाहेर.

त्या वाक्यानं माझं एक वर्ष खाल्लं. दर पावलाला तो काटा मांसात रुततोय, असं मला वाटे. म्हणून मी चवड्यावर चालू लागले. त्यानं पोटरी आखडली, मग गुडघा धरला. आपल्याकडे घराघरांत हे वाक्य ऐकू येतं. म्हणूनच आज मला सगळ्यात आधी हे सांगायचंय: तो काटा बहुतेक वेळा निरपराध असतो. एक्स-रेत डोळ्यांना दिसतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो. टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेत तो असतो, आणि टाचदुखीनं बेजार झालेल्या कितीकांच्या एक्स-रेत नसतोच. शिवाय तो जमिनीकडे रोखलेला नसतो, बोटांच्या दिशेनं आडवा वाढलेला असतो.

मग दुखतं काय? टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या बुडाशी पाच फाट्यांनी पोचणारा एक जाड, चिवट पट्टा तळपायात असतो. त्याचं नाव प्लांटर फॅशिया. पायाची कमान तोलून धरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ब्रिटनमधल्या जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली त्याच्या कामाची रीत मांडली, आणि तिला नाव दिलं ते चक्क रहाटाचं. आमच्या आजोळी विहिरीवर रहाट होता. हात फिरवला की दोर गुंडाळला जाई आणि पोहरा वर येई. पायात अंगठ्याचं मूळ म्हणजे रहाटाचा दांडा. पाऊल पुढे टाकताना टाच उचलली जाते, अंगठा वर वळतो, पट्टा त्याच्याभोवती ताणला जातो आणि कमान आपोआप उंचावते. मऊ, लवचिक पाय क्षणभर ताठ तरफ होतो आणि शरीराला पुढे ढकलतो. खरं वाटत नसेल तर अनवाणी उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा हातानं वर उचलायला सांगा. कमान वर येताना दिसेल. हे मी माझ्या वर्गात करून दाखवत असे. अभ्यासक्रमात ते नव्हतं, पण मुलं घरी जाऊन आजी-आजोबांचे अंगठे उचलायची.

दिवसातून हजारो वेळा हा रहाट फिरतो. वजन वाढलं, पोटऱ्या आखडलेल्या राहिल्या, तासन्‌तास कडक फरशीवर उभं राहावं लागलं किंवा चालण्याची सवय नसताना एकदम चालणं वाढवलं, की पट्टा टाचेला जिथे चिकटतो तिथे त्याचे धागे विरू लागतात. झोपेत पाऊल खाली लोंबतं आणि पट्टा आखूड राहतो. सकाळचं पहिलं पाऊल त्याला एकदम ताणतं आणि ती कळ येते. ‘फॅसायटिस’ या नावात दाह गृहीत धरलेला आहे. पण फिलाडेल्फियाचे पोडियाट्रिस्ट हार्वे लेमाँट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली शस्त्रक्रियेत काढलेले पन्नास नमुने तपासले, तेव्हा त्यांना दाहाच्या पेशी सापडल्या नाहीत. सापडली ती झीज. जुनाट टाचदुखीत सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मूळ तसंच राहतं, त्याचा उलगडा मला यातून झाला.

मला बरं केलं एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं. ती माझ्या निम्म्या वयाची होती. तिनं एक्स-रे बाजूला ठेवला आणि अर्धा तास माझा पाय हातात घेऊन बसली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या बेनेडिक्ट डीजिओव्हानी यांच्या चमूनं २००३ मध्ये तपासलेला व्यायाम तिनं मला दिला. पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हातानं बोटं नडगीकडे ओढायची, तळव्याचा पट्टा तारेसारखा ताठ लागला की दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सकाळचा फेरा पहिल्या पावलाच्या आधीच व्हायला हवा, तिथे हयगय नको. जोडीला भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण, संध्याकाळी पाण्याची गोठवलेली बाटली तळपायाखाली फिरवणं, आणि घरातही चप्पल. माझ्या सासूबाईंना घरात चप्पल मुळीच खपत नसे. मी नवी जोडी आणून त्यांच्यासमोर धुतली आणि “ही उंबरा ओलांडणार नाही” असं वचन दिलं, तेव्हा त्या राजी झाल्या. चार महिन्यांत सकाळची कळ निम्म्यावर आली, नवव्या महिन्यात गेली. दहातल्या आठांहून जास्त टाचा अशा साध्या उपायांनीच बऱ्या होतात. पण त्याला महिने लागतात, आणि हे सुरुवातीलाच सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं काही आठवडे आराम पडतो, मात्र ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. पहिल्याच भेटीत ते मागू नका.

कोल्हापुरीबद्दल मला नेहमी विचारतात. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी पेढे वाटले होते. पायाच्या घामानं आणि वजनानं तिचं चामडं हळूहळू त्या पायाचं होतं. तरीही टाच दुखत असताना ती कपाटात ठेवा. तिचा तळ सपाट आणि कडक असतो, टाचेला उंची आणि गादी दोन्ही मिळत नाहीत. बरं वाटलं की लग्नाकार्याला खुशाल घाला. काशाच्या वाटीनं तूप लावून तळपाय घासण्याबद्दलही माझं मत चांगलं आहे. झोप छान लागते, कातडी मऊ राहते. भेगांना कोकणातलं भिरंडेल मला महागड्या मलमांहून आवडतं. पण वाटीनं पट्ट्याची झीज भरून येत नाही.

बाकीचा पाय थोडक्यात सांगते. एका पायात सव्वीस हाडं, तेहेतीस सांधे. दोन्ही पायांत मिळून शरीरातली चौथाई हाडं. टाचेच्या मागे, पोटरीच्या शिरेजवळ दुखत असेल तर आजार अकिलीस स्नायुबंधाचा. चवड्याखाली खडा आल्यासारखं वाटून तिसऱ्या-चौथ्या बोटांत झिणझिण्या येत असतील तर तिथली नस दबलेली असू शकते, तिला मॉर्टनचा न्यूरोमा म्हणतात. अंगठ्याचं मूळ बाहेर येऊन अंगठा बाकीच्या बोटांवर कलू लागला तर तो बनियन, निमुळत्या बुटांनी तो बळावतो. मध्यरात्री अंगठ्याचा सांधा लालबुंद होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसवेनासा झाला तर युरिक ॲसिड तपासा. कुरूप सरळ दाबल्यावर दुखतं, तळपायाची चामखीळ चिमटीत धरल्यावर. आठ ते चौदा वर्षांची खेळणारी मुलं टाच दुखते म्हणतात, तेव्हा बहुधा टाचेच्या वाढीच्या भागावर ताण आलेला असतो. पावसाळ्यातल्या चिखल्या, नखुरडं, आत वाढलेलं नख हे सगळ्यांच्या ओळखीचे.

पायाच्या मधल्या लांब हाडांना जाणारी बारीक चीर मात्र इथे थोडी थांबून सांगायला हवी. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये संचलनानं सुजणाऱ्या शिपायांच्या पायांचं वर्णन केलं. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षं होती. वारीतही असे पाय दिसतात. पडणं नाही, मुरगळणं नाही, नुसतं चालून चालून पाऊल वरून सुजतं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं की माणूस ओरडतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. एक्स-रे नीट आला म्हणून पुढे चालू नये.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येते. चार वर्षांपूर्वी सासवडच्या मुक्कामी मी वारकऱ्यांचे पाय चोळण्याच्या सेवेत होते. सत्तरीचे एक बाबा समोर बसले. तेल लावताना माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. त्यांच्या चवड्यात बाभळीचा काटा मोडून बसला होता, भोवती कातडी पांढरी पडली होती.

“माउली, दुखत नाही?”

“न्हाई गं माय. दोन वर्सं झाली, पाय बधिरच असत्यात. बरं हाय, चालायला तरास न्हाई.”

साखरेची गोळी आठ वर्षांपासून चालू होती. त्यांना हाताला धरून वैद्यकीय तंबूत नेलं. काटा निघाला, त्यामागून पू निघाला. बाबा शांत बसून बघत होते, जणू पाय दुसऱ्या कुणाचा होता.

त्या रात्री मला डॉ. पॉल ब्रँड आठवत राहिले. ते १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक होते. कुष्ठरोग्यांची बोटं आणि पावलं रोगामुळे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस चांगलंच असतं, गेलेली असते ती वेदना. वेदना नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय झिजवून टाकतो. एकदा लांबच्या प्रवासानंतर लंडनला पोचल्यावर ब्रँड यांना स्वतःच्या टाचेत संवेदना जाणवेना. टाचणी टोचून पाहिली, कळली नाही. आपल्याला कुष्ठरोग झाला, अशा खात्रीनं ते रात्रभर तळमळले. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि कळ मस्तकात गेली. गाडीत बसून नस दबली होती, एवढंच. त्या कळेचा आनंद ते जन्मभर सांगत राहिले. वेल्लोरमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांसाठी मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला बनवल्या. आज औषधांच्या दुकानात मिळणारी ‘एमसीआर चप्पल’ ती हीच. मधुमेही पायांना तिचा तोच उपयोग होतो.

म्हणून मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला दुखण्याचा निकष लावू नका. रोज रात्री तळपाय बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघायचे. पाणी किती गरम आहे ते पायानं नाही, कोपरानं पाहायचं. कुरूपावर दुकानातली पट्टी लावायची नाही, तिच्यातलं ॲसिड चांगली कातडीही खातं. बधिर पायाला काशाची वाटीही नको. वर्षातून एकदा तरी पायाची तपासणी करून घ्यायची. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवून संवेदना पाहतात, पाच मिनिटांचं काम. छोटी जखम, फोड, काळा डाग काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि पाऊल लाल, गरम, सुजलेलं असून फारसं दुखत नसेल तर मुळीच थांबू नका. तो शार्को पाय असू शकतो. त्यात हाडं आतल्या आत मोडत असतात.

बाकीच्यांनी कधी जायचं? मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच बोट ठेवल्यावर दुखत असेल तर लगेच. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर लगेच. पाऊल थंड, निळसर पडून रात्री झोपेत दुखत असेल आणि पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटत असेल तर लगेच, तिथे रक्त पोचत नाहीये. ताप आणि पायावर चढती लाली, तेव्हाही लगेच. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही तासभर आखडत असेल, तर संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जायला हवं. साधी टाचदुखी महिना-दीड महिना व्यायाम करून तसूभरही हलली नाही, तर दाखवा.

दाखवायचं कुणाला, हा आपल्याकडचा खरा पेच. अमेरिकेत पोडियाट्रिस्ट होण्यासाठी चार वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, ब्रिटनमध्येही तो वेगळा व्यवसाय आहे. आपल्याकडे तशी वाट अजून रुळलेली नाही. मोठ्या शहरांत पायाचे खास दवाखाने निघाले आहेत. इतरत्र हाडांचे डॉक्टर, मधुमेहतज्ज्ञ आणि चांगला फिजिओथेरपिस्ट, या तिघांवर भिस्त. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस फक्त पायांचा असावा, हे मी भेटेल त्याला सांगत असते. डोळ्यांची शिबिरं भरतात, तशी पायांची भरायला काय हरकत आहे?

आणि जाताना एक करा. डॉक्टरांकडे जायचं म्हणून ठेवणीतले बूट घालून जाऊ नका. रोजच्या वापरातली, टाच झिजलेली जुनी चप्पल घाला, आणि आत गेल्यावर ती काढून, उलटी करून टेबलाशेजारी ठेवा.