रविवारची प्रार्थना आणि सोमवारचा व्यवहार

ख्रिस्ती कोणाला म्हणावे, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे, जो रविवारी उपासनेला जातो आणि नाताळ साजरा करतो, तो ख्रिस्ती. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढलो. कॉलेजात आल्यावर मित्रांनी माझ्या धर्माविषयी पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांतला एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला: ‘तुमच्या श्रद्धेमुळे तुमच्या रोजच्या वागण्यात नेमका काय फरक पडतो?’ त्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, अशी येशूची शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तेथे देवासमोर उभा केलेला दुसरा धनी कोणी राजा किंवा दैत्य नसून पैसा आहे. म्हणजे निष्ठेची परीक्षा रणांगणावर होईल तेव्हा होवो. ती आधी बाजारात, तराजूपुढे होते.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींना हे चांगले ठाऊक होते. इ. स. ११२ च्या सुमारास, आज तुर्कस्तानात असलेल्या बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजान याला एक पत्र लिहिले. स्वतः ख्रिस्ती नसलेल्या माणसाची ही साक्ष असल्यामुळे तिला विशेष मोल आहे. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व मद्य अर्पण करून ख्रिस्ताची निंदा करणाऱ्यास तो सोडून देई. हे लोक करतात तरी काय, याचीही त्याने चौकशी केली. ठरलेल्या दिवशी ते पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताचे स्तोत्र गातात आणि शपथ घेतात, असे त्याला कळले. ही शपथ बंडाची नव्हती. चोरी, लूटमार व व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही आणि विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणार नाही, एवढीच ती होती. या शपथेसाठी प्लिनीने जो लॅटिन शब्द वापरला, तोच रोमन सैनिकाच्या राजनिष्ठेच्या शपथेलाही वापरीत. शेजाऱ्याची ठेव परत करणे हाच येथे निष्ठेचा आविष्कार ठरला आहे!

परंतु उघड चोरी टाळणे त्या मानाने सोपे असते. जे कायद्याला मान्य आहे आणि चारचौघांत रूढ आहे, त्याला नकार देणे कठीण. या बाबतीत जॉन वूलमन (१७२०–१७७२) याचे उदाहरण मला फार बोलके वाटते. अमेरिकेतील न्यू जर्सीचा हा क्वेकर तरुण एका दुकानात नोकरीस होता. मालकाने आपली एक निग्रो दासी विकली आणि तिचे विक्रीपत्र लिहिण्यास त्याला सांगितले. त्याने ते लिहिले. पण दास बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे आपले मत त्याने मालकाला आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितले. मनाची टोचणी त्याने थांबली नाही. पुढे असे कागद लिहिण्यास तो नकार देऊ लागला. दासांची वाटणी करणारी मृत्युपत्रे त्याने नाकारली आणि लेखनाच्या मिळकतीवर पाणी सोडले. प्रवासात दास बाळगणाऱ्यांच्या घरी उतरला, तर दासांच्या सेवेचा मोबदला तो देई. वेस्ट इंडीजमधील दासांच्या कष्टातून येणारी साखरही त्याने सोडली. एका माणसाने चहातली साखर सोडल्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. पण त्याच्यासारख्यांच्या शांत आग्रहामुळे १७५८ साली फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने दासांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांविरुद्ध पाऊल उचलले आणि १७७६ साली सभासदांना दास बाळगण्यासच बंदी केली.

आपल्याकडे ही परीक्षा पाण्याच्या घागरीपाशी झाली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तरी सोवळेओवळे पाळीत होत्या. माणसामाणसांतील जातिभेद देवाने केलेला नाही, असे विचारांती पटताच त्यांनी इतरांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. हे त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधी घडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. विधी मागाहून झाला. पाण्याचा पेला आधी उचलला गेला.

आणि येथेच आम्हां ख्रिस्ती लोकांना स्वतःला एक अवघड प्रश्न विचारावा लागतो. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचे वाटेकरी होणारी आमची कुटुंबे सोयरीक जुळवताना मूळ जात का विचारतात? त्या क्षणी आमचा धनी कोण असतो? उत्पन्नाचा खोटा दाखला काढताना, मोलकरणीचे खाडे मोजून पैसे कापताना, परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावताना हाच प्रश्न लागू पडतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रामाणिकपणा ही काही ख्रिस्ती लोकांची मिरास नाही. देव न मानणारी माणसेही सचोटीने वागतात. हे मला पूर्ण मान्य आहे. शिवाय सत्कृत्यांनी तारण विकत घेता येते, असेही ख्रिस्ती धर्म मानीत नाही. कृपा आधी; सदाचार हे तिचे फळ. लूकाने सांगितलेल्या जक्कयाच्या कथेत हा क्रम स्पष्ट दिसतो. यरीहोच्या या जकातदाराच्या घरी येशू आपण होऊन पाहुणा गेला. त्यानंतर जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. त्याने देवळाला घंटा बांधून हिशेब मिटवला नाही. ज्याचे घेतले त्याचेच त्याला परत देऊ केले.

तात्पर्य, श्रद्धा अंतःकरणात असते हे खरे, पण ती तेथेच कोंडून राहिली तर ती आहे की नाही हे कोणाला कळणार? एखाद्याच्या ओठांवर कोणाचे नाव आहे, हे रविवारी ऐकू येते. तो कोणाचा चाकर आहे, हे मात्र सोमवारी त्याच्या दुकानात, कचेरीत आणि स्वयंपाकघरात दिसते.