सीपीयू ३० टक्के, तरी आवाज का फुटतो? लिनक्सवर विंडोजचं म्युझिक सॉफ्टवेअर

(हे आजच्या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग आहे घरी बसून बीट बनवणाऱ्यांसाठी, रिमिक्स करणाऱ्यांसाठी आणि स्वतःचं गाणं स्वतःच रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे बरेच चांगले चालणारे जुने लॅपटॉप अधिकृतपणे बाहेर पडले. आता नवीन मशीनला पैसे नाहीत, जुनं टाकवत नाही. मग कोणीतरी सांगतं, "लिनक्स टाक की!" लिनक्स टाकलं, वाइन टाकलं, एफएल स्टुडिओ उघडलासुद्धा. प्ले दाबलं आणि आवाजात कट-कट-कट. टास्क मॉनिटर बघितला तर सीपीयू फक्त ३० टक्के! मग आपण म्हणतो, लॅपटॉपच बेकार.

थांबा. लॅपटॉपला नावं ठेवायच्या आधी आतमध्ये काय चाललंय ते बघू.

वाइन नक्की करतं काय?

वाइन १९९३ पासून चालू आहे. ते एम्युलेटर नाही, म्हणजे ते आत खोटा कॉम्प्युटर तयार करत नाही. तुमच्या प्लगिनमधलं गणित, म्हणजे रिव्हर्ब, ईक्यू, सिंथचे ऑसिलेटर, थेट तुमच्या प्रोसेसरवर चालतं. त्यामुळे नुसत्या गणिताचा वेग विंडोजच्या बराच जवळ असतो.

वाइन मध्ये येतं ते प्रोग्रॅम विंडोजकडे काहीतरी मागतो तेव्हा. "फाइल उघड", "खिडकी काढ", "या थ्रेडला थांबव, त्या थ्रेडला उठव". ही मागणी वाइन लिनक्सला समजेल अशी करून देतं. खरी गडबड होते ती या देवाणघेवाणीत.

पंगतीचं गणित

साउंड कार्ड म्हणजे पंगतीला बसलेला पाहुणा समजा. तो एका ठरावीक वेगाने खातो, ना हळू ना जोरात. बफर म्हणजे एका वेळी त्याच्या पानात पडणारं वाढप.

४८,००० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. २५६ म्हणजे ५.३. ५१२ म्हणजे १०.७. १०२४ म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तुमच्या सगळ्या ट्रॅकचा, सगळ्या प्लगिनचा हिशोब होऊन पुढचं वाढप पानात पडलंच पाहिजे. नाही पडलं की पान रिकामं. त्यालाच एक्सरन म्हणतात, आणि तीच तुम्हाला ऐकू येणारी कट-कट.

आता मुद्दा बघा. टास्क मॉनिटर दाखवतो ती सरासरी. एका सेकंदात वाढपी ७० टक्के वेळ मोकळा होता, हे खरंच आहे. पण त्याच सेकंदात त्याला एकदा कोणीतरी दारात पाच मिलिसेकंद गप्पा मारत उभं केलं, आणि पाहुण्याचं पान २.७ मिलिसेकंदात रिकामं झालं. सरासरी मस्त, पंगत मात्र फसली. म्हणून ऑडिओमध्ये प्रश्न विचारायचा तो असा: सगळ्यात जास्त उशीर किती झाला, आणि तो कोणी केला?

उशीर करणारे चौघे

पहिला: कोठीची चावी. लग्नघरात कोठीची चावी एकाच काकांकडे असते. तेल हवं, काकांकडे जा. गूळ हवा, काकांकडे जा. वाइनमध्ये हे काका म्हणजे वाइनसर्व्हर. विंडोजमध्ये थ्रेड एकमेकांना इव्हेंट, सेमाफोर, म्युटेक्स वापरून थांबवतात आणि उठवतात. जुन्या पद्धतीत अशी प्रत्येक मागणी या एका वेगळ्या प्रोसेसकडे जाऊन परत यायची, आणि तो एका वेळी एकच काम बघतो. आठ थ्रेडमध्ये मिक्सर वाटणारा डीएडब्ल्यू असेल तर काकांसमोर रांग लागणारच.

यावर आधी ईसिंक आणि मग एफसिंक असे दोन जुगाड आले. गेमवाल्यांना ते प्रोटॉनमुळे माहीत असतील. आता पक्का उपाय आहे एनटीसिंक: थेट लिनक्स कर्नलमध्येच ही सोय, आणि ती कर्नल ६.१४ पासून, म्हणजे २०२५ पासून वापरण्याजोगी झाली. त्यासाठी वाइनही नवीन लागतं, आणि काही डिस्ट्रोमध्ये एनटीसिंकचं मॉड्यूल आपलं आपण लोड करावं लागतं.

दुसरा: लांबचा रस्ता. डीएडब्ल्यूमध्ये आउटपुट साधा विंडोज ऑडिओ ठेवला तर आवाज वाइनच्या ड्रायव्हरमधून, मग पल्सऑडिओच्या पद्धतीने, असा टप्प्याटप्प्याने कार्डापर्यंत जातो. कीबोर्डची पट्टी दाबली की सूर मागून येतो, तो यामुळे. इथे वाइन-ॲसिओ वापरा. तो डीएडब्ल्यूला ॲसिओ ड्रायव्हर म्हणून दिसतो आणि पलीकडे जॅकशी किंवा जॅकची भाषा बोलणाऱ्या पाइपवायरशी थेट जोडतो. आणि ॲसिओ-फोर-ऑल वाइनमध्ये टाकत बसू नका. तो विंडोज कर्नलमधल्या ड्रायव्हरशी बोलायला बनलाय, आणि इथे तो कर्नलच नाही. तुमच्या यूएसबी इंटरफेसचा विंडोज ड्रायव्हरही वाइनमध्ये चालणार नाही. कार्ड लिनक्सलाच ओळखू द्या.

तिसरा: झोपाळू प्रोसेसर. बॅटरी वाचवायला लॅपटॉप प्रोसेसरचा वेग खाली ठेवतो. लोड सरासरी ३० टक्के दिसला की त्याला वाटतं, घाई काय आहे? मग मध्येच कोरस आला, दहा ट्रॅक एकदम चालू झाले, आणि वेग वाढेपर्यंत दोन बफर गेले. म्हणून गंमत अशी होते की कमी लोडवर आवाज फुटतो आणि जास्त लोडवर सुधारतो! उपाय सोपा: काम करताना पॉवर प्रोफाइल परफॉर्मन्सवर, चार्जर लावलेला.

चौथा: रांगेत मान नाही. ऑडिओचा थ्रेड आणि ब्राउझरचा टॅब, दोघांना लिनक्स सारखंच वागवतं, जोपर्यंत तुम्ही ऑडिओला रिअलटाइम प्राधान्याची परवानगी देत नाही. ही परवानगी युजरला वेगळी द्यावी लागते, सोबत मेमरी लॉक करण्याचीही. उबुंटू स्टुडिओसारख्या डिस्ट्रोमध्ये हे काम आधीच करून दिलेलं असतं. बाकीच्यांनी आपल्या डिस्ट्रोच्या मदतपानावर रिअलटाइम ग्रुपची माहिती शोधा. नंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा, नाहीतर बदल लागू होत नाही आणि आपण उगाच डोकं खाजवत बसतो.

अख्खा डीएडब्ल्यू वाइनमध्ये, की फक्त प्लगिन?

रस्ते दोन आहेत. एक म्हणजे एफएल स्टुडिओसारखं अख्खं सॉफ्टवेअर वाइनमध्ये चालवायचं. दुसरा म्हणजे डीएडब्ल्यू लिनक्सचाच घ्यायचा, रीपर, बिटविग किंवा आर्डर, आणि विंडोजचे प्लगिन यॅब्रिज नावाच्या पुलावरून आणायचे. यॅब्रिज व्हीएसटी २, व्हीएसटी ३ आणि क्लॅप चालवतो.

दुसऱ्या रस्त्यात आवाजाचा मुख्य मार्ग लिनक्सचाच राहतो, आणि एखादा प्लगिन कोसळला तर सहसा तो एकटाच जातो, अख्खा प्रोजेक्ट नाही. पण पुलाला टोल आहे. प्रत्येक प्लगिनची वेगळी प्रोसेस, आणि प्रत्येक बफरला तिथे जाऊन परत यायचं. वीस प्लगिन आणि ६४ चा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंदात वीस फेऱ्या! बफर दुप्पट केला की तेवढ्याच वेळात फेऱ्या निम्म्या. शिवाय यॅब्रिजमध्ये प्लगिन ग्रुपची सोय आहे, एकाच जातीचे प्लगिन एका प्रोसेसमध्ये बसवता येतात.

इथे एक पेच आहे. यॅब्रिज ५.१.१ आणि वाइन ९.२२ किंवा पुढचं एकत्र आलं की प्लगिनच्या खिडकीत माउसची जागा चुकते. क्लिक एकीकडे, नॉब दुसरीकडे. त्यामुळे यॅब्रिजवाले ९.२१ वर थांबतात, आणि एनटीसिंकसाठी तर नवीन वाइन हवं. म्हणजे आधी रस्ता ठरवा, मग वाइन निवडा: अख्खा डीएडब्ल्यू वाइनमध्ये असेल तर नवीन वाइन, यॅब्रिज असेल तर ९.२१. आणि प्रोजेक्ट अर्धा असताना वाइन अपडेट करू नका.

कुठून सुरुवात करायची?

सगळं एकदम बदललं तर कशाने सुटलं ते कळत नाही. म्हणून क्रमाने.

एक, आधी मोजा. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप चालवा. त्यातला एरर चा आकडा म्हणजे तुमचे एक्सरन. गाणं वाजू द्या आणि तो वाढतोय का बघा. आकडा वाढत नाही तरी आवाज फुटतोय, तर मास्टरवर क्लिपिंग आहे का ते आधी तपासा!

दोन, बफर १०२४ करा. कट-कट थांबली तर उशिराचाच प्रश्न आहे. १०२४ लासुद्धा फुटत असेल तर एकेक प्लगिन बंद करून दोषी शोधा.

तीन, पॉवर प्रोफाइल. चार, रिअलटाइम परवानगी. यॅब्रिज सुरू होताना रिअलटाइम मिळालं की नाही हे स्वतःच छापतो. पाच, वाइन-ॲसिओ. सहा, एनटीसिंक. प्रत्येक पायरीनंतर बफर एक पायरी खाली आणा आणि पुन्हा मोजा.

आणि १२८ चा हट्ट कशाला? हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकरपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवणं. मिक्सिंग करताना तर १०२४ ठेवा, काही बिघडत नाही. लाइव्ह गाताना किंवा वाजवतानाच बफर खाली आणा, आणि त्या वेळी जड प्लगिनचे ट्रॅक फ्रीज करून ठेवा.

शेवटचं, आणि हे नीट ऐका. कितीही ट्यून केलं तरी काही प्लगिन अडतात. खिडकी काळी राहते, नाहीतर लायसन्सच ॲक्टिव्हेट होत नाही, आणि त्याला बफरचा इलाज नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विंडोज पुसू नका. ड्युअल बूट ठेवा. डेमो प्रोजेक्ट नको, स्वतःचं सगळ्यात जड गाणं घ्या, लिनक्सवर आठवडाभर त्यावर काम करा आणि ते शेवटपर्यंत एक्सपोर्ट करून बघा. ज्या प्लगिनशिवाय तुमचं अडतं तो चालला, तर निर्धास्त या. नाही चालला आणि पुढच्या आठवड्यात कोणाच्या हळदीचा ट्रॅक द्यायचाय, तर आधी काम पूर्ण करा, प्रयोग नंतर.

तुमचा लॅपटॉप, डिस्ट्रो, वाइनची आवृत्ती आणि पीडब्ल्यू-टॉपमधला आकडा, एवढं लिहून पाठवा. नुसतं "आवाज फुटतो" असं लिहिलंत तर मलाही अंदाजच करावा लागेल. चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सेव्ह करत राहा!