मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ

मुंबई व लंडन यांमधील सरळ हवाई अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून निघालेलें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान कैरो व जिनीव्हा येथें थांबून १० जूनला लंडनास पोहोंचलें. आजच्या विमानाचा वेग ताशीं सुमारें ९०० किलोमीटर. म्हणजे हिशेबानें प्रवास आठ तासांचा. प्रत्यक्षांत सुमारें दहा तास लागतात; कारण हवाई मार्ग वळणाचा असतो आणि उंचावरील पश्चिमेचा वारा समोरून येतो. परततांना तोच वारा पाठीशीं असल्यानें वेळ वांचतो.

घड्याळ मात्र फसवितें. हिवाळ्यांत मुंबईहून दुपारीं एकला निघालेल्या प्रवाशास लंडनचें घड्याळ सायंकाळचे साडेपांचच दाखवितें. खुशालीचा निरोप त्यानें तेव्हांच धाडावा. मुंबईस रात्रीचे अकरा वाजलेले असतात, आणि घरीं कोणी तरी जागें असतें.