शोधनिबंध मोजले, वाचले कोणी?

विज्ञानाची वाढ मोजता येईल, ही कल्पना डेरेक प्राइस यांना सुचली तेव्हा त्यांच्यापाशी ना संगणक होता, ना अनुदान. 1950 च्या थोडे आधी ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवीत होते. ग्रंथालयाची इमारत पुरी व्हायची होती. तोवर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचे 1665 पासूनचे खंड त्यांच्या घरी आले. दहा-दहा वर्षांचे गठ्ठे भिंतीशी रचताना त्यांच्या ध्यानी आले, की त्यांची उंची सरळ व्याजाने नव्हे, चक्रवाढीने वाढते आहे. वैज्ञानिक वाङ्मय दर दहा-पंधरा वर्षांनी दुप्पट होते, हा त्यांचा सिद्धान्त त्यातूनच पुढे आला.

परंतु गठ्ठ्याची उंची म्हणजे वाढ; प्रसार ही वेगळी गोष्ट. कोणता निबंध कोणी आधाराला घेतला, याची सूची फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी 1960 नंतर सिद्ध केली. जगातील सारी नियतकालिके वाचणे अशक्य, म्हणून त्यांनी निवडक घेतली. ही निवड व्यवहार्य होती, आणि नेमकी तीच पुढे भारताला नडली. 1980 साली या सूचीत भारताचे सुमारे 15 हजार निबंध होते. 2000 साली ते सुमारे 12 हजारांवर आले. त्याच काळात चीन हजाराच्या आतून 22 हजारांपर्यंत गेला. चीनची झेप खरीच होती. आपली घसरण मात्र कितपत खरी, हा वाद रंगला. कारण मधल्या काळात सूचीतील भारतीय नियतकालिकांचीच संख्या घटली होती. शेतातले पीक तेच, पण मापारी अर्ध्या खळ्यावरच फिरकेनासा झाला, तर उतारा कमी दिसणारच.

आज चित्र उलटे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने दिलेल्या 2022 च्या आकड्यांनुसार भारताचे निबंध दोन लाखांवर असून चीन आणि अमेरिका यांच्यामागोमाग आपला तिसरा क्रमांक लागतो. मात्र संशोधनावरचा खर्च 2020-21 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्केच होता. भांडवल जेमतेम आणि उत्पादन मुबलक, असा ताळेबंद पाहिला की कोणताही हिशेबतपासनीस मालाची प्रत पाहू लागतो.

ती पाहिलीही गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांक लावले. तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातील निबंधाला 15, इतर मान्य नियतकालिकातील निबंधाला 10. अध्यापकाची वेतनश्रेणी निबंधांवर ठरू लागताच पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. मे 2018 मध्ये आयोगाला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून 4,305 नियतकालिके काढावी लागली. त्यानंतरची सुधारित यादीही 2025 मध्ये बंद झाली. माप हेच उद्दिष्ट बनले की ते माप राहत नाही, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ गुडहार्ट यांनी 1975 सालीच चलनपुरवठ्याच्या संदर्भात सांगितले होते. ठाण्या-कल्याणच्या महाविद्यालयांतील अध्यापकाला दोष देणे सोपे आहे. शंभर-शंभर विद्यार्थ्यांचे वर्ग आणि परीक्षांचे गठ्ठे सांभाळून त्याने करायचे काय, हे मात्र कोणी सांगत नाही.

या धामधुमीत खरे काम कोठे जाते, याचे उत्तर ठाण्याच्या खाडीत सापडते. खाडीकाठच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातील अभ्यासकांनी खाडीचा आणि उल्हास नदीच्या मुखाचा गाळ, तळाचे जीव, खारफुटी यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. वरच्या अंगाला उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीचे कारखाने. त्यांचे सांडपाणी अखेर याच पाण्यात उतरते. 2015 मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये तो रामसर यादीत गेला. कोणत्या वर्षी गाळात काय होते, हे कळल्याखेरीज अशा जागेची राखण करता येत नाही. पण असे स्थानिक काम पुष्कळदा प्रबंधांत आणि चर्चासत्रांच्या वृत्तान्तांत राहते. परकीय सूचीला एका खाडीचे अप्रूप नसते. उल्लेखसंख्या शून्य असलेला निबंध महापालिकेच्या अभियंत्याला उपयोगी पडला, तर त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

प्रसाराची दुसरी बाजू वाचकाची. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या 6,000 कोटींच्या योजनेने 2025 पासून सुमारे 13 हजार नियतकालिके खुली केली, पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठीच. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत. शिवाय जे छापले जाते ते इंग्रजीत. ज्याच्या जाळ्यात मासा कमी येऊ लागला, त्या कोळ्यापर्यंत ते कसे पोहोचावे?

याला फार खर्च लागत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. या परिसरावर होणाऱ्या प्रत्येक प्रबंधाचा दोन पानी मराठी सारांश या दोन ठिकाणी जमा करण्याची अट विद्यापीठाला घालता येईल, आणि तो कितीजणांनी मागवून वाचला याची नोंद ग्रंथपालाच्या वहीत राहील.