वाकायचे कंबरेतून की खुब्यातून?

आषाढ लागला की इगतपुरी तालुक्यात आवणीची एकच घाई उडते. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो, चिखलणी झालेली असते आणि खाचरात बायकांची ओळ वाकलेली दिसते. सकाळी वाकलेली पाठ भाकरीच्या वेळेला सरळ होते, ती पुन्हा खाली. रात्री घरोघरी तेलाची वाटी गरम होते. आवणी म्हटली की कंबर दुखायचीच, असे आपण धरूनच चाललो आहोत. अंग थोडे आंबणारच, पण पुष्कळसा त्रास वाकण्याच्या रीतीचा असतो, आणि रीत बदलता येते.

आपण ‘कंबरेत वाक’ म्हणतो खरे, पण शरीराची वाकायची बिजागरी कंबरेत नाही, खुब्यात आहे. उभे राहा, जांघेवर बोटे ठेवा आणि एक गुडघा वर उचला. जिथे घडी पडते, तिथेच आत मांडीच्या हाडाचा गोल गड्डा कटीच्या हाडाच्या वाटीत बसलेला आहे. हा सांधा दणकट, आणि त्याला हलवणारे ढुंगणाचे स्नायू अंगातले सर्वांत मोठे. त्याच्यावर कंबरेचे पाच मणके आणि त्यांच्यामधल्या गाद्या. त्या भार पेलतात, पण दिवसभर दुमडून राहण्यासाठी त्या नाहीत.

स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या वर्षांत माणसाच्या कंबरेतल्या गादीत सुई घालून तिथला दाब मोजला. सरळ उभे असताना दाब १०० धरला, तर पुढे वाकल्यावर तो सुमारे १५० भरला. हातात वजन घेऊन वाकले की त्याहून अधिक. आणखी एक गंमत अशी की पाठीची पूर्ण कमान करून खाली लोंबलो, की पाठीचे स्नायू जवळजवळ काम सोडून देतात. मग सगळा भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या बंधांवर लटकतो. ओल्या दोरीसारखे ते हळूहळू सैल पडतात.

मग वाकायचे कसे? दोन्ही हातांत भरलेले हंडे आहेत आणि मागचे दार बुडाने लोटायचे आहे, असे समजा. गुडघे किंचित सैल, बूड मागे, छाती पुढे. जमते की नाही हे पाहायला फावड्याचा दांडा पाठीवर उभा धरा. तो डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वर टेकला पाहिजे. वाकताना तीनपैकी एकही जागा सुटली, तर तुम्ही खुब्यातून नव्हे, मणक्यांतून वाकलात. घरातल्या पोरांना हा खेळ फार आवडतो. उकिडवे बसायची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे शहरी माणसापेक्षा लवकर साधते, कारण खुबे मोकळे असतात.

खाचरात मात्र जमीन खोल आणि पाय चिखलात. तिथे पाठ दांड्यासारखी तासन्‌तास ठेवा, असे सांगणारा कधी रोपाला हात लावलेला नसावा! तिथे एवढे करा. एक पाय पुढे घ्या, गुडघे वाकवा, आणि रोपाची मूठ धरलेल्या हाताचे कोपर त्याच बाजूच्या मांडीवर टेकवा. धडाचा बराच भार मांडीवर उतरतो. थोड्या वेळाने पाय बदला. ओळ संपली की उभे राहून, कंबरेवर हात ठेवून हळूच मागे झुका. मुकादम ओरडला तरी चालेल.

बांधावर चढल्या चढल्या लगेच ओझे मात्र उचलू नका. कॅनडातल्या मॅकगिल आणि ब्राऊन यांनी १९९२ साली माणसांना वीस मिनिटे पूर्ण वाकवून पाहिले. सैल पडलेले बंध दोन मिनिटांत निम्मे सावरले, पण अर्ध्या तासानंतरही थोडी ढिलाई उरलीच होती. म्हणून आधी चार पावले चाला, चहा घ्या, मग रोपांचा भारा उचला. घोटीच्या गिरणीवर भाताचे पोते उचलतानाही ते अंगाशी घट्ट धरा.

पुण्यात १९३७ पासून योग शिकवणारे बी. के. एस. अय्यंगार भिंत, दोरी, खुर्ची अशी साधी साधने वापरीत. त्यातला भिंतीचा प्रकार आवणीच्या रात्री करून पाहा. कंबरेच्या उंचीवर तळहात भिंतीला टेकवा आणि खुब्यात वाकत पावले मागे न्या, अंगाचा काटकोन होईपर्यंत. मांडीच्या मागे ताण आला तर गुडघे जरा सैल सोडा. पाच-सहा सावकाश श्वास पुरेत.

आता मालिशीचे. मणक्यांच्या हाडांवर अंगठे रोवू नका. ढुंगण, मांडीची मागची बाजू आणि मणक्यांच्या दोन्ही बाजूंचे मांस कोमट तेलाने, सोसेल एवढेच चोळा. उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची चाल अजून कुठे कुठे आहे. गंमत म्हणून ठीक, पण दुखऱ्या मणक्यावर लाथ नको आणि पोराला पाठीवर नाचवणेही नको. दुखणे कंबरेतून पायात उतरून पाऊल बधिर किंवा लुळे पडत असेल, बसायची जागा बधिर झाली असेल किंवा लघवी अडत वा नकळत होत असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि बाईला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, आवणी निम्मी राहिली तरी.